ओटीतली कासवं

समुद्र आमच्या घरी पहिल्यांदा आला तो फोनवरून, आणि आला तोच भांडण घेऊन.

फोनही आमचा नव्हता. पांढरकवड्याला हायवेवर ट्रक दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांच्या गॅरेजमधला तो फोन. बाबांची आणि त्यांची जुनी दोस्ती. गावात आमच्या घरासाठी येणारे सगळे निरोप आधी चाचांच्या गॅरेजात उतरायचे आणि मग चाचा लुनावर बसून, ग्रीसचे हात तसेच ठेवून, ते आमच्या अंगणात आणून टाकायचे. त्या दिवशी ते आले आणि चहा नको म्हणाले, तेव्हाच मला शंका आली. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे.

“भाऊ, पोट्ट्याचा फोन होता,” ते बाबांना म्हणाले. “लई परेशान हाय. राजीनामा देतो म्हनते. घरी येऊन शेतीच करतो म्हनते.”

पोट्टा म्हणजे माझा दादा, थोरला भाऊ. त्याला जंगल खात्यात वनरक्षकाची नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. आमच्या टिपेश्वरचं जंगल घरापासून हाकेच्या अंतरावर, पण जागा निघाल्या त्या कोकणात, म्हणून त्याने तिथे अर्ज केला, तिथे जाऊन निवडीच्या चाचणीत अनवाणी धावला आणि निवडला गेला. त्याला नेमलं ते थेट समुद्राच्या काठावर. कासवं अंडी घालायला येतात असा एक किनारा आणि त्याच्या मागचं खाडीचं जंगल राखीव होतं, ते सांभाळायचं. ज्या माणसाने पाण्याचा सगळ्यात मोठा साठा म्हणून गावचा तलाव पाहिला होता, त्याला समुद्र राखायला दिला होता.

चाचांचा निरोप ऐकून आईचा चेहरा फुलला. “येऊ द्या. माह्या लेकराले तिथं कोन हाय?” ती म्हणाली. बाबा मात्र बैलाच्या दाव्याला गाठ मारत होते, ती त्यांनी सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, “तो येत नाही. या मातीतून घरातलं एक तरी मानूस बाहेर राह्यलं पाह्यजे.”

आणि भांडण पेटलं.

कापसाची वाईट वर्षं होती ती. पऱ्हाटी तरारून वर यायची, बोंडं धरायची, आणि बोंड फोडून पाहावं तर आत अळी ऐसपैस बसलेली. त्यातून जे वाचायचं त्याला बाजारात कुणी विचारायचं नाही. आसपासच्या काही घरांवर नको ती वेळ आली होती. त्यामुळे आमच्या तालुक्यात तेव्हा गाड्या भरभरून माणसं यायची. साहेब यायचे, टीव्हीवाले यायचे. एकदा एक कॅमेरावाला बाबांना म्हणाला, “काका, जरा बांधावर बसा, डोक्याला हात लावून.” बाबा म्हणाले, “माह्यं डोकं दुखून नाही राह्यलं,” आणि निघून गेले. मला त्या दिवशी बाबांचा भयंकर अभिमान वाटला. अडचण होतीच, नव्हती असं कोण म्हणेल? पण आम्ही जेवत होतो, हसत होतो, लग्नात नाचतही होतो. तेव्हा मात्र कॅमेरा कुणी चालू केला नाही.

दादाचा पगार त्या दिवसांत घरातली एकमेव अशी गोष्ट होती की जी पावसावर आणि अळीवर अवलंबून नव्हती. बाबांचं बोलणं मला पटत होतं. आईच्या डोळ्यांतलं पाणीही दिसत होतं. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी बसले होते, म्हणून दोघंही आपापली बाजू मलाच ऐकवायचे. शेवटी चाचाच वैतागले. “फोनवर समजवता का कोनी जवान पोराले? जाऊन या समदे. अन् समंदरबी पाहून घ्या. जिंदगीत पुन्हा होत नाही.”

तेव्हा आम्ही निघालो. बाबा निघाले दादाला तिथेच ठेवायला आणि आई निघाली त्याला घरी आणायला. दोघांच्या मध्ये मी, बोर्ड वाचायला. गावातल्या बायका आडून म्हणाल्याच, “समुद्र पाह्यले चालले म्हनते. लईच पिकलं वाटते औंदा.” मी म्हटलं, “हो ना, मोती पिकले. वेचाले जाऊन राह्यलो.” आईने मला चिमटा काढला. तेव्हा सुखाने कुठे जाणं म्हणजे चोरीच वाटायची आमच्याकडे, आणि मला त्याचाच राग यायचा.

वर्ध्याहून रेल्वे, मग एक एसटी, मग दुसरी एसटी. दुसरी एसटी घाटातून अशी वळत होती की आईने खिडकी सोडलीच नाही. तिच्या मांडीवर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं होतं, पायांशी तुरीची डाळ. गाडी जिथे थांबेल तिथे बाबा खाली उतरायचे, तांबडी माती चिमटीत घेऊन चुरायचे आणि मान हलवत परत यायचे. “इथं काय पिकत असन?” एवढंच ते प्रत्येक वेळी म्हणायचे. आंबे, फणस, काजू, सुपारी खिडकीतून डोळ्यांवर येत होतं, पण त्यांना ते पीक वाटत नव्हतं. त्यांच्या मते पीक म्हणजे सरीत उभं राहिलेलं.

दादा थांब्यावर उभा होता. खाकी कपडे, खांद्यावर पट्टी, आणि चेहरा काळवंडलेला. आमच्याकडे ऊन काय कमी असतं? पण हा काळा वेगळाच होता, खारवलेला. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तिथेच, सगळ्या प्रवाशांसमोर, रडली. तो अवघडला. मी त्याचं ओझं कमी करावं म्हणून म्हटलं, “दादा, तू साहेब कमी अन् कोळसा जास्त दिसून राह्यला.” तो हसला, पण मन लावून हसला नाही.

त्याला राहायला खात्याची एक खोली होती, जांभ्या दगडाची, वर कौलं. आत सगळं ओलसर. भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागायची, काड्यापेटी पेटायची नाही. आईने लगेच चूल हाती घेतली. भाकरी आणि घट्ट वरण त्याच्या ताटात पडलं तसा तो खाली मान घालून जेवत सुटला. किती जेवला ते मी सांगत नाही, दृष्ट लागेल. मग तोंडात घास असतानाच म्हणाला, “मी तुमच्यासंगच येतो.”

आईने विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “जेव आधी.”

जेवताजेवता त्याची गाऱ्हाणी बाहेर पडली. इथे तिन्ही त्रिकाळ भात. इथे तो बोलला की लोक हसतात, ‘करून राह्यलो’ म्हटलं की पुन्हा म्हणायला लावतात. कपडे वाळत नाहीत. पावसात तर चार-चार दिवस माणूस दिसत नाही. “अन् राखाचं काय, तं रेती,” तो म्हणाला. “वावरात राखन केली तं मानूस म्हनते माह्यं पीक हाय. इथं काय हाय माह्यं?”

आई त्याच्या ताटात भाकर मोडत होती आणि प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती.  बाबांनी गाडीत येताना एक मोठं भाषण तयार केलं होतं, मला दोनदा ऐकवलंही होतं. त्याची जागा काही त्यांना सापडेना.

दुपार कलल्यावर दादा आम्हाला समुद्रावर घेऊन गेला. सुरूच्या झाडांतून एक वाट होती. झाडं संपली आणि समोर एकदम सगळं मोकळं झालं.   फार बरं वाटलं, इतकंच आठवतं. डोळ्यांना इतक्या लांबपर्यंत अडवणारं काही नाही, आणि त्या सगळ्याचं आपल्याला काही करायचं नाही, ना पेरायचं, ना निंदायचं. आईने आधी हात जोडले, मग चपला काढल्या, मग पाण्याला पाय लावला आणि लाट आली तशी लहान पोरीसारखी ओरडत मागे पळाली. तिला मी तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

बाबांनी पाण्याची चव घेतली आणि थुंकले. मग चपला ओल्या रेतीवर नीट जोडीने ठेवून ते किनाऱ्याने लांबवर फिरून आले. पाणी वर चढत होतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पाणी चढतं ते वर कुठे तरी पाऊस पडला तर. आभाळ तर लख्ख होतं. बाबा परत आले तेव्हा चपलांच्या जागी फेस होता. दादा म्हणाला, “बाबा, भरती हाय.” बाबा म्हणाले, “पन पाऊस कुठं हाय?” दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पार लांब गेलेलं पाहून त्यांनी विचारलं, “वरच्या धरनाचं दार उघडलं का रे?” दादा पोट धरून हसला. आल्यापासून तो पहिल्यांदा तसा हसत होता. बाबांना त्याची टोपी घालून आणि थांब्यावर घेतलेल्या रबरी चपला घालून फिरताना पाहून मीही हसत होते, आणि बाबाही स्वतःवर हसले.

त्या दिवशी त्याने आम्हाला खाडीच्या बाजूची पायवाट दाखवली. चिखलात उभं जंगल. झाडांची मुळं खालून वर आलेली, चिखलातून हजारो बोटं वर काढल्यासारखी. मध्ये मध्ये लाकडी फळ्यांचा पूल होता, त्यावरून एकामागे एक जायचं. दादा पुढे, मग बाबा, मग आई, शेवटी मी. आणि इथे मी एक गोष्ट पाहिली. खोलीत गाऱ्हाणी सांगणारा दादा या वाटेवर कुठे तरी मागेच राहिला होता. हा पुढे चालणारा माणूस अचानक हात वर करायचा आणि आम्ही सगळे थांबायचो. “तो पाह्या, मासा. चिखलावर चालते.” आम्ही पाहिलं, तर खरंच, बोटाएवढा मासा पंखांवर रेलून चिखलातून उड्या मारत होता. आई म्हणाली, “आता मासेबी चालाले लागले!” पुढे त्याने फळीवरची वाळलेली घाण दाखवली, माशांच्या खवल्यांनी चमचमणारी. ती पाणमांजराची होती म्हणे. मायलेकरं रोज सकाळी याच वाटेने जातात, पिल्लू एक होतं ते आता मोठं झालं, हे त्याने असं सांगितलं की जणू शेजारच्या घरातली गोष्ट आहे. उंच झाडावर एक पांढऱ्या पोटाचा गरुड होता. त्याचं घरटं मागच्या वादळात पडलं, त्याने पुन्हा बांधलं, कोणत्या दिशेने काड्या आणल्या, सगळं दादाला माहीत होतं.

बाबा ऐकत होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. आई मात्र कशाकडेच पाहत नव्हती. तिला तिचं लेकरू बोलताना दिसत होतं, तेवढंच ती पाहत होती. परत येताना ती मला हळूच म्हणाली, “वाळला पन लई.” म्हणजे तिचा निर्णय पक्का होता.

संध्याकाळी तो आम्हाला कासवांच्या कुंपणाशी घेऊन गेला. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या बरंच वर जाळी लावून एक चौकोन राखला होता. आत रेतीत ओळीने खड्डे, प्रत्येकावर टोपली उपडी घातलेली. लांबून पाहिलं तर आमच्याकडे कोंबडीची पिलं टोपलीखाली झाकतात तसंच. दादा सांगू लागला. कासवीण रात्री पाण्यातून येते, रेती उकरते, अंडी घालते, रेती लोटून खड्डा बुजवते. कोल्हे ती उकरून खातात, म्हणून वनखात्याची माणसं आणि गावातली दोन-चार मंडळी पहाटे तिच्या मागावर जातात, अंडी अलगद उचलून इथे आणून पुरतात. मग पिल्लं निघाली की त्यांना पाण्याजवळ सोडतात.

“अन् माय?” आईने विचारलं.

“माय गेली.”

“कुठं गेली?”

“समुद्रात. अंडे घातले की ती जाते.”

“येते न मंग पाहाले?”

“नाही. पाह्यत नाही ती. तिले मालूमबी नसते कोनते तिचे पिल्ले.”

आईचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्या सख्ख्या बहिणीची चहाडी केली. “कशी माय हाय व ही!” ती म्हणाली. “अंडे टाकले अन् चालली? मांगं वळूनबी नाही पाह्यलं?” दादाने समजावलं की त्यांची रीतच तशी, कोटी वर्षांपासूनची. तिला कोटी वर्षांशी काही घेणं नव्हतं. जेवतानाही ती मध्येच थांबून म्हणाली, “इतकुसे जीव, अन् एवढं पानी.” बाबांना भाषणाची संधी वाटली. ते म्हणाले, “पाह्य बरं, जगातच असं हाय, लेकरू मोठं झालं की...” आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की भाषण पुन्हा गिळलं गेलं. दादा मधोमध बसून दोघांकडे पाहत होता. त्याने सांगितलं की राजीनाम्याचं त्याने वनपाल साहेबांच्या कानावर घातलेलं नाही अजून. उद्या सकाळी साहेब येणार आहेत, तेव्हा सांगून टाकतो. म्हणजे आता फक्त एक सकाळ उरली होती. मला एकाएकी त्याच्या गरुडाची आणि पाणमांजराची काळजी वाटायला लागली. कोण पाहणार त्यांच्याकडे? पण मला कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी एका टोपलीखाली पिल्लं निघाली होती. दादा आम्हाला उठवायला आला तेव्हा त्याचा श्वास चढला होता. किनाऱ्यावर पोहोचलो तर तिथे शहराकडची दहा-पंधरा माणसं आधीच कॅमेरे घेऊन उभी, आणि वनपाल साहेब. रेतीवर पाण्यापासून थोड्या अंतरावर दोन बाजूंनी दोरी बांधली होती. सगळ्यांनी दोरीच्या मागे राहायचं, पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, हे दादा मोठ्या आवाजात सांगत होता. आमचं गाव आठवून मला गंमत वाटली. एवढे दिवस लोक कॅमेरे घेऊन आम्हाला पाहायला येत होते. आज आम्ही पाहणाऱ्यांच्या रांगेत होतो. या बाजूला उभं राहायला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

दादाने टोपली रेतीवर तिरपी केली. काळी, तळहातात मावतील अशी पिल्लं बाहेर पडली आणि चारी पाय वल्ह्यांसारखे मारत निघाली. सगळे ‘आहा’ म्हणाले. काही सरळ पाण्याकडे गेली. पहिल्या लाटेने दोन-तीन उचलून नेली, बाकीची उलटी करून परत टाकली. एक पिल्लू भलतीकडेच वळलं. एक पाठीवर पडून पाय हलवत राहिलं. वर कावळे येऊन बसले होते.

आणि आई दोरीखालून आत गेली.

मी हात धरायच्या आत ती गेली. तिने पदराचं टोक कमरेला खोचून ओटी केली होती, कापूस वेचायला उतरताना करते तशी. ही ओटी करायला आमच्याकडच्या बायांना विचार लागत नाही, वावरात पाय पडला की ती होते. आणि मग तिचे दोन्ही हात सुरू झाले. कापूस वेचणारीचा हात कसा चालतो ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. डावा-उजवा, डावा-उजवा, बोटं बोंडाची टोकं टोचून न घेता नेमकी आत जातात आणि कापूस ओटीत. तिने तशी कासवं वेचली. उलटं पडलेलं, चुकलेलं, दमलेलं, कुणालाच न दुखवता, ओटीत. कुणाला काय होतंय ते कळायच्या आत तिची ओटी भरली होती आणि ती पाण्याकडे चालली होती. तिच्या मनात सरळ हिशेब होता: ज्यांना माय नाही त्यांना कुणी तरी पाण्यापर्यंत पोहोचवायला हवं.

“ओ बाई!”

हा आवाज दादाचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

“ओ बाई! मागं व्हा! हात लावायचा नाही सांगितलं ना? दोरीच्या मागं व्हा आधी!”

आई थांबली. सगळा किनारा थांबला. दादा ताडताड तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या आयुष्यात तिला असं कुणी बोललं नव्हतं, बाबासुद्धा नाही, आणि सासूबद्दल मी बोलत नाही. “खाली ठेवा,” तो म्हणाला. “पाण्यात नाही. रेतीवर. जिथून उचलले तिथं. त्यांनी स्वतः चालत जायला पाहिजे.”

साहेब म्हणाले, “अरे, असू दे. तुझी आई ना त्या?”

“नियम सगळ्यांना आहे, साहेब,” दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो हलला नाही. मोठे डोळे करून तो ओटीकडे पाहत होता, एखादं पिल्लू पदरात दबलं तर नाही ना म्हणून. आईकडे त्याचं लक्षच नव्हतं.

आई खाली बसली. तिने पदर सोडला आणि एकेक पिल्लू रेतीवर ठेवलं, पाण्याकडे तोंड करून. शेवटचं ठेवून झालं तशी उठली आणि दोरीच्या या बाजूला आली. मी तिचा हात धरला.  मला दादाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. परक्या लोकांसमोर! ती शहरातली माणसं तिच्याकडे पाहत होती. मी आईकडे पाहिलं, तिला काही तरी बोलावं म्हणून. ती रडत नव्हती. ती दादाकडे पाहत होती. तो गुडघ्यावर बसून, कावळ्यांवर हात उगारत, पिल्लांच्या बाजूने बाजूने सरकत होता, आणि तोंडाने त्यांना काही तरी म्हणत होता. आमच्याच बोलीत म्हणत होता, “चाल, चाल, चाल. झालं. आलं पानी.” शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत तो उठला नाही. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

लोक पांगले. साहेब गाडीकडे निघाले, दादा त्यांच्यामागून चालायला लागला. आईने त्याला हाक मारली. तो आला, मान खाली घालून. “माय, मी तुले...”

“तू साहेबाले काही सांगतलं तं नाही न?”

“आता सांगतो.”

“काही सांगू नको.”

बाबा दोघांच्या मध्ये आले. त्यांचं भाषण आता अगदी ओठांवर होतं. आई म्हणाली, “तुमी गप बसा हो.” मग दादाला म्हणाली, “कोनाच्या भरोशावर टाकून येशीन रे त्या लेकरायले? मायबी नाही त्यायले.”

 दादाने आईच्या पदराला लागलेली रेती झटकायला हात पुढे केला, मग तो हात तसाच राहिला, आणि मग तो भर किनाऱ्यावर, खाकी कपड्यांत, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. साहेबांनी पाहिलं आणि ते दुसरीकडे पाहत गाडीत बसले. मला फार आनंद झाला होता आणि फार वाईटही वाटत होतं. बाबा खाली वाकून रेती चिमटीत चुरत होते. त्यांचं अख्खं भाषण वाया गेलं होतं.

आणखी दोन दिवस आम्ही तिथे राहिलो, निवांत. आईने दादाच्या शेजारणीला भाकरी थापायला शिकवली आणि तिच्याकडून ओल्या नारळाचं वाटण शिकून घेतलं. बाबा भरती-ओहोटीच्या वेळा शेजारच्यांना विचारून पाठ करत होते आणि पाणी वेळेवर आलं की खूश होत होते. “हे बरं हाय,” म्हणाले, “याचा टायमाचा भरोसा हाय.” मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या चिखलातल्या जंगलात जाऊन पाणमांजराची वाट पाहिली. ते आलं नाही.

परत आल्यावर गावात पहिल्या दिवशी दुपारी बायका अंगणात जमल्या. आईने प्रत्येकीच्या हातावर काजू ठेवले. काजू खाऊन होताच त्यांनी मूळ विषयाला हात घातला. “काहून व, पोराले आनलं नाही? तू तं त्याले आनालेच गेलती न?”

मी आतून ऐकत होते. मला वाटलं आई काही तरी सारवासारव करेल.

“मले हाकललं न बाई त्यानं,” आई म्हणाली. तिचा आवाज लग्नाच्या मांडवातून बोलावं तसा मोठा होता. “साऱ्या लोकायसमोर. साहेबासमोर. मले म्हने, ओ बाई, मागं व्हा!”

“अव्वो माय!” एकीने तोंडाला पदर लावला. “तुले? अन् मंग तू काय केलं?”

“काय करीन?” आई म्हणाली. “मी मागं झाली.”